केर्वुन ते इल्मोर, रोज तेहतीस

मी केर्वुनला उतरले त्या सोमवारी तिथून इल्मोर चारशे बारा किलोमीटरवर होते. मंगळवारी सकाळी ते चारशे पंचेचाळीसवर गेले होते.

हे मला विमानतळावरच्या पाटीवरून कळले. केर्वुन उत्तरेला इतके वर आहे की त्याच्यापुढे नकाशात फक्त इल्मोर उरते, आणि इल्मोरच्या पुढे नकाशाची चौकट. मध्ये रस्ता नाही. दर शनिवारी सकाळी दहाला नऊ आसनांचे एक विमान जाते, तेवढेच. विमानतळ म्हणजे पत्र्याची शेड, एक वजनकाटा आणि ही काळी पाटी. पाटीवर दोन ओळी असत. वरची अंतराची, खालची उड्डाणाला लागणाऱ्या वेळेची. सोमवारी खाली एक तास दहा मिनिटे लिहिले होते, मंगळवारी एक तास सोळा.

पाटी लिहिणारे शेडगे मूळचे कोरेगावचे. अकरा वर्षे इथे राहून त्यांना इथली भाषा आली नाही, म्हणून शेवटी गावानेच त्यांची उचलली. केर्वुनमध्ये लहानमोठे सगळे साताऱ्याकडचे बोलत.

"अहो शेडगे," मी म्हटले, "काल चारशे बारा होतं ना?"

"व्हय."

"मग आज?"

"आज जास्त हाय." त्यांनी खडूची बोटे पँटला पुसली. "गावं हायत ती, काकू. एका जागी बसून कंटाळत्यात."

"पण तुम्ही मोजता कसं?"

"धावपट्टीच्या टोकाला हुबा ऱ्हातो आन् बघतो."

मी खोलीवर परत आले. विमानतळाला लागूनच प्रवाशांसाठी एक खोली होती. तिचे दार धावपट्टीकडे, म्हणजे उत्तरेला, म्हणजे इल्मोरकडे उघडत होते. समोरच्या भिंतीशी मी एका खोक्यावर माझा बाळकृष्ण ठेवला होता.

इल्मोरला माझी लेक होती, चारुता. तिचे दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी करतात, पण नवव्या महिन्यात तिला चिपळूणपर्यंत कोण आणणार? तेव्हा माहेरच उठून निघाले होते. सहा विमाने बदलून मी इथवर आले होते, सातवे राहिले होते. जावई निरंजन मासे मोजणाऱ्या जहाजावर होते आणि बर्फ फुटेपर्यंत येणार नव्हते. चारुता एकटी होती. तारीख रविवारची दिली होती. माझ्या पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सुंठीची पूड आणि जुन्या लुगड्यांची सहा दुपटी होती. शनिवारचे विमान मिळाले की झाले, असा माझा हिशोब होता.

आणि माझा नेम होता, गोपद्मांचा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज देवापुढे गाईची तेहतीस पावले रांगोळीने काढायची. पाच वर्षे, खंड न पाडता. पहिल्या पावलापासून तेहतिसाव्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बत्तीस चालत नाहीत आणि चौतीसही नाहीत. तेहतीसच का, हे मी सासूबाईंना विचारले नाही. त्यांनीही त्यांच्या सासूबाईंना विचारले नव्हते.

पाच वर्षांपूर्वी चारुताची दुसऱ्यांदा कूस रिकामी झाली, तेव्हा मी हा नेम धरला. तिला मूल व्हावे म्हणून. हे पाचवे वर्ष होते. आश्विन चालू होता. महिन्याभराने उद्यापन. प्रवासातही मी एक दिवस चुकवला नव्हता. सोमवारची पावले मी आधीच्या विमानतळावर दोन बाकांच्या मधे काढली होती, आणि एक झाडूवाली माझी होईपर्यंत झाडू धरून थांबली होती.

केर्वुनला मला पुरेशी जमीन मिळाली होती. रोज पहाटे आंघोळ करून मी उंबऱ्याशी बसे, चिमटीत रांगोळी घेई, आणि एकेक पाऊल काढत देवापर्यंत सरके. आमच्याकडे पावले घरात येणारीच काढतात. दारातून आत, देवाकडे. जाणारी काढत नाहीत. जाणाऱ्या पावलांनी लक्ष्मी निघून जाते.

बुधवारी पाटीवर चारशे अठ्ठ्याहत्तर आले. वेळ एक तास एकवीस.

त्या दिवशी मी चारुताला फोन केला. सोमवारी माझा प्रश्न आणि तिचे उत्तर यांच्यात एक श्लोक म्हणण्याइतका अवकाश होता. बुधवारी मी विचारले, "पायावर सूज आहे का गं?" आणि रामरक्षा म्हणायला घेतली. ती संपत आली तेव्हा तिकडून आवाज आला.

"थोडी आहे. आई, तू कुठे आहेस?"

"केर्वुनलाच. विमान शनिवारी."

पुन्हा रामरक्षा. या वेळी पूर्ण होऊन मारुतीस्तोत्रही झाले.

"चालत निघाली असतीस तर आतापर्यंत आली असतीस," चारुता म्हणाली. ती हसत होती, पण ते हसू वाटेत थकून आल्यासारखे होते.

गुरुवारी पाचशे अकरा. त्या दिवशी गावात कुजबुज सुरू झाली. दक्षिणेला एक टेकडी आहे, तिच्यावर पूर्वी दुपारचे जेवण बांधून सहलीला जात. ती आता दुकानाच्या मागच्या दाराशी आली होती. दुकानदारीणबाई तिच्यावर कपडे वाळत घालत होत्या. उत्तरेचा समुद्र मात्र दिसेनासा झाला होता. कोळी सकाळी जाळी घेऊन निघाले ते संध्याकाळपर्यंत किनाऱ्याला पोहोचले नाहीत आणि तशीच कोरडी जाळी घेऊन परतले.

"शेडगे, हे असंच वाढत राहिलं तर?" मी विचारले.

"तर काय. इमानात तेल पाचशे साठपातुर पुरतं. त्येच्या म्होरं इर्या न्हेत न्हाई." इर्या म्हणजे वैमानिक. "पाचशे साठच्या वर गेलं की शनवार बंद. मग फुडल्या साली."

मी बोटांवर मोजले. शुक्रवारी पाचशे चव्वेचाळीस. शनिवारी पाचशे सत्त्याहत्तर.

शुक्रवारी पाटीवर पाचशे चव्वेचाळीस आले, आणि शेडगे तोर्गला घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आले. तोर्ग सुक्या माशांचा व्यापारी होता. उंच, लाल दाढीचा, आणि शनिवारच्या विमानात त्याचेही नाव होते. माझी पावले नुकतीच काढून झाली होती. मी हात धूत होते.

"काकू," शेडगे म्हणाले, "रोज किती वाढतंय ते बगितलं का?"

"तेहतीस," मी म्हटले. म्हणताना माझ्या हातातल्या तांब्यातले पाणी सांडायचे थांबले.

तोर्ग खाली जमिनीकडे बघत होता. "ह्या गाई कुटं निघाल्यात?"

"देवाकडे."

"देव कुटं हाय?"

"तो काय, भिंतीशी."

"आन् इल्मोर?"

मी दाराबाहेर बोट दाखवले. तेहतीस पावले इल्मोरकडे पाठ करून ओळीने चालली होती, आणि मंगळवारपासून सगळे केर्वुन त्यांच्या मागोमाग निघाले होते. शाळा, धावपट्टी, वजनकाटा, सगळे. गाईच्या मागे जायला गावाला शिकवावे लागत नाही.

"आमचा समुद्र गेला, बाई," तोर्ग म्हणाला. "तीन दिस झालं माज्या भावाची बोट गवतात उभी हाय. लोक हसत्यात. म्हंत्यात बोटीला चारा घाल."

"मला ठाऊक नव्हतं हो."

"आता झालं की ठावं. मग उद्या काढू नगा. एक दिस." शेडगे अगदी समजुतीने बोलत होते. "द्येव काय हजेरी घेतोय का? उद्या न्हाई काढली की पाचशे चव्वेचाळीसच ऱ्हाईल. इमान जाईल. लेकीकडं पोचाल."

"आणि बाळ?"

"बाळाचं काय?"

ते मी त्यांना सांगितले नाही. ज्या बाळासाठी पाच वर्षे पावले काढली, त्याच्या येण्याच्या आदल्या दिवशी पावले चुकवून त्याच्याकडे जायचे, हे मला जमण्यासारखे नव्हते. काढली तर विमान नाही. न काढली तर विमान आहे, पण पोहोचून माझ्या हातात काय पडेल? मी फक्त म्हटले, "बघते."

"बगते म्हंजी?" तोर्ग शेडग्यांना म्हणाला.

"म्हंजी काढनार," शेडगे म्हणाले. "माझी आई बी असंच म्हनायची."

शनिवारी पहाटे आंघोळ करून मी उंबऱ्याशी बसले. चिमटी भरली आणि हात तसाच ठेवला. सासूबाई जाऊन नऊ वर्षे झाली, पण त्यांचा आवाज कानात असतो. जाणारी काढू नयेत, लक्ष्मी जाते. उजाडून गेले तरी मी तसाच विचार करत राहिले. जाते म्हणजे जाईल कुठे? या दारातून निघाली तर समोर एकच गाव आहे. आणि लेकीकडे गेलेल्या लक्ष्मीला कोणी गेली म्हणत नाही.

मी उठले. देवापाशी जाऊन बसले. देवाला मनात म्हटले, तू मागे राहा, मी पुढे होते. आणि पहिले पाऊल दाराकडे तोंड करून काढले.

सहावे काढत होते तेव्हा शेडमधला फोन वाजला. शेडग्यांनी उचलला, ऐकला, आणि लांब वायरीसकट तो माझ्या दारात आणला. फोन त्यांनी माझ्या कानाशी धरला. मी अकराव्यावर होते.

"आई," चारुताचा आवाज म्हणाला. "कळा सुरू झाल्या. आत्ता उजाडतंय. नर्सबाईंना फोन केलाय, त्या खाडीपलीकडे आहेत. येतील. आई, ऐकतेस ना?"

इथे उजाडून दोन तास झाले होते, म्हणजे हे बोलून तिलाही दोन तास झाले होते. मी बारावे पाऊल काढले.

"बोला की, काकू," शेडगे पुटपुटले.

मी मान हलवली. तेरा, चौदा. फोनमध्ये चारुता श्वास घेत होती. ती लहान असताना तापात असाच श्वास घेई. मी हात कापू दिला नाही. कापरे पाऊल मोजत नाहीत, पुन्हा काढावे लागते. वीस. सत्तावीस. तेहतिसावे पाऊल उंबऱ्याच्या बाहेर, धावपट्टीच्या डांबरावर पडले. मी फोन हातात घेतला आणि एकच शब्द बोलले.

"आले."

तो शब्द निघाला. मला त्याच्या आधी पोहोचायचे होते.

पायाखाली जमीन हलली, भरलेली बैलगाडी निघताना हलते तशी. गावातून भांडी पडल्याचा आवाज आला. कोणीतरी ओरडले, "समुद्र! समुद्र दिसतोय!" शेडगे धावपट्टीच्या टोकाला पळत गेले, बघून आले, आणि पाटी पुसून त्यांनी लिहिले: पाचशे अकरा. एक तास सत्तावीस.

दहाला विमान सुटले. आत आम्ही चौघे. तोर्ग, त्याच्या माशांच्या दोन पेट्या, एक शाळामास्तर आणि मी. चौथी इर्या. ती गोरीपान, पांढऱ्या भुवयांची, आणि बोलायची थेट कोरेगावच्या बाजारातले.

"पट्टा आवळा वो काकू. उगं मला बोल लावू नगा."

तिच्या समोर एक लहान पाटी होती, शेडग्यांच्या पाटीसारखीच. तिच्यावरचे आकडे आपोआप बदलायला हवे होते. वीस मिनिटे झाली तरी त्यावर पाचशे अकराच होते. बाहेर एक ढग होता, तो तिथेच होता.

"इर्या," तोर्ग म्हणाला, "चाललोय का आपन?"

"पंखं चालल्यात. आपन न्हाई. वारं सामोरनं हाय."

"मग?"

"मग तेल हाय तवर हितंच."

मी घड्याळ बघितले. चारुताच्या कळांना अडीच तास झाले होते. तेवढ्यात बाहेर अंधारले. सूर्य उतरला, दोनचार चांदण्या आल्या, त्या गेल्या, आणि दुसऱ्या बाजूने सूर्य वर आला. सगळे मिळून एक आवळा चोखून होईल इतका वेळ.

"हे काय?" शाळामास्तरांनी विचारले.

"रविवार," इर्या म्हणाली. "हितं वर सूर्व्याला लांब जावं लागत न्हाई."

रविवार उजाडला होता आणि माझी रविवारची पावले व्हायची होती. मी पट्टा सोडला. बाळकृष्ण ठेवलेल्या पिशवीतून रांगोळीचा डबा काढला आणि दोन रांगांच्या मधल्या वाटेत अगदी शेपटाकडे जाऊन बसले. तोंड इर्याकडे. पहिले पाऊल काढले.

"काकू, आता काय मांडलंय हे?" तोर्ग म्हणाला. "माज्या माशांवर पीठ उडतंय."

मी बोलू शकत नव्हते. काढत पुढे सरकले. तेहतिसावे इर्याच्या खुर्चीला टेकले तेव्हा बाहेरचा ढग सर्रकन मागे गेला, आणि पाटीवर आकडा पडला: चारशे अठ्ठ्याहत्तर.

कोणी काही बोलायच्या आत पुन्हा अंधारले आणि पुन्हा उजाडले.

"सोमवार," इर्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "काकू, बसू नगा. चला माघारी, शेपटाकडं."

चारशे पंचेचाळीस. चारशे बारा. दिवस येत राहिले आणि मी काढत राहिले. गुडघे दुखायचे थांबले. मंगळवार, बुधवार, गुरुवार. इर्या वाराचे नाव मोठ्याने सांगे, शाळामास्तर पावले मोजत, वर्गात मोजतात तसे, आणि चुकले की स्वतःवरच रागावत. प्रत्येक तेहतिसाला विमान पुढे उडी घेई. खालून तळी जात, हरणांचे कळप जात, एकदा एक आख्खी नदी उलगडून गेली. अडीचशेच्या खाली आलो तेव्हा तोर्गने स्वतःहून पेट्या उचलून मांडीवर घेतल्या, मला वाट मोकळी व्हावी म्हणून. दीडशेच्या खाली तो गाऊ लागला. त्याला गाता येत नव्हते. मला वाटते, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. तिथे मला खाली मान घालून बसायला सांगितले होते.

पंधराव्या दिवशी पाटीवर सोळा किलोमीटर उरले. खाली इल्मोरची पाच रंगीत छपरे दिसत होती आणि त्यांच्यापुढे नुसता काळा समुद्र, नकाशाच्या कडेपर्यंत.

उजाडले. मी शेपटाकडे जाऊन बसले. डब्यात बघितले तर रांगोळी तळाशी होती.

"काकू, ऐका," इर्या मागे वळून म्हणाली. "सोळा हायत. सोळाच काढा. तेतीस काढली तर सतरा किलोमीटर पल्याड जातोय. पल्याड समुद्र हाय. तिथं उतराय जागा न्हाई आन् तेल बी न्हाई."

मी पहिले पाऊल काढले.

"ऐकलं का तुमी?"

पाच, सहा, सात. या वेळी उडी नव्हती, विमान पावलागणिक पुढे सरकत होते. सोळाव्याला रांगोळी संपली. विमान इल्मोरच्या बरोबर वर येऊन थांबले, छपरावर पतंग थांबावा तसे. दुसऱ्या छपरातून धूर येत होता. ते चारुताचे घर, फोटोत मी शंभरदा पाहिलेले. इथे थांबले असते तर आम्ही अलगद खाली उतरलो असतो. इर्याने हात वर केला. "बास! काकू, बास!"

तोर्गने माझे मनगट धरले. त्याचा हात माशांचा होता. "बाई, सोळा झाली. लेक खाली हाय तुजी. उठ."

मला त्याला सांगायचे होते की नेम तेहतीसचा आहे. सोळा पावलांनी कोणी घरात पोहोचत नाही, उंबऱ्यापाशी पोहोचते, आणि मी दोनदा बाळ उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेलेले पाहिले आहे. पण सतरा पावले राहिली होती आणि तोवर मला शब्द नव्हता. मी त्याच्याकडे नुसते बघितले. त्याने माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिले आणि मनगट सोडले.

रांगोळी नव्हती. मी पिशवीतून सुंठीची पूड काढली. बाळंतिणीची होती, पण तिच्याच कामाला येत होती. सतरावे पाऊल पिवळे उमटले. शाळामास्तर शिंकू लागले. शिंकत शिंकत मोजत राहिले. इर्या शिव्या देत होती, देवाला की मला कळले नाही. पंचवीस. छपरे मागे गेली. तीस. खाली फक्त पाणी होते. एकतीस. इंजिन खोकले आणि बंद पडले. विमानात इतकी शांतता झाली की सुंठ जमिनीवर पडल्याचा आवाज येत होता. बत्तीस. तेहतीस.

इर्या पाटीकडे बघत होती.

"वाच की," तोर्ग म्हणाला.

"उणे सतरा," तिने वाचले. मग खालची ओळ. "वेळ, उणे तीन मिनिटं."

"म्हणजे काय हो?" मी विचारले. आता मला बोलता येत होते.

"म्हंजी धाला सुटून नऊ सत्तावन्नला पोचलो." तिने तिच्या डाव्या हाताचे छोटे दार उघडले. बाहेर समुद्र नव्हता. बाहेर स्वयंपाकघर होते. गॅसवर पाणी उकळत होते, भिंतीवर घड्याळात नऊ सत्तावन्न झाले होते, आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून चारुता उभी होती.

"उतरा, काकू. पटकन. मला माघारी जायचंय. धाला केर्वुनवरनं सुटायचंय मला."

"आणि हे दोघं?"

"मी हितं कुटं उतरू?" तोर्ग म्हणाला. "लोकाच्या चुलीवर मासं घेऊन? मी रीतीनं येतो."

"पण मी तर इथे उतरले," मी म्हटले.

"तुमचं नाव हाय की धाच्या यादीत," इर्या म्हणाली आणि दार ओढून घेतले. स्वयंपाकघराची भिंत पुन्हा भिंत झाली.

चारुताने मान वर केली. तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती अजिबात दचकली नाही.

"आई, किती उशीर," ती म्हणाली.

"तीन मिनिटं लवकर आहे," मी म्हटले, पिशवी खाली ठेवली आणि कोपरापर्यंत हात धुतले.

पुढचे मी थोडक्यात सांगते, कारण ते जगात सगळीकडे सारखेच असते. दहाच्या सुमारास नर्सबाई खाडीतून होडीने आल्या, त्यांचे बूट भिजलेले होते. त्या म्हणाल्या, "आजी आल्या का? छान." मी चारुताच्या पाठीला तेल लावले. ती ओरडली तेव्हा मी म्हटले, ओरड, इथे ऐकायला समुद्राशिवाय कोणी नाही. तिने माझा हात इतका दाबला की बांगडी वाकली. अकरा वाजून नऊ मिनिटांनी मुलगी झाली. आधी निळी, मग एका क्षणात लाल, मग तिने असा आवाज काढला की नर्सबाई हसायला लागल्या. मी पाच वर्षे तिची वाट पाहत होते, आणि ती अशी आली, जणू आम्हीच तिला ताटकळत ठेवले होते. चारुता रडत होती आणि हसत होती आणि मला म्हणत होती, "आई, बघ ना, आई, बघ." मी बघत होते. मला दुसरे काही दिसत नव्हते.

नर्सबाई आतल्या खोलीत चारुताला आवरू लागल्या. मी बाळाला पुसून लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळले आणि दोन्ही हातांवर घेऊन खिडकीशी उभी राहिले. तिला प्रकाश बघायचा होता. अकरा सत्तावीसला दक्षिणेकडून घरघर आली आणि केर्वुनचे विमान वेळेवर उतरले. त्यातून एक उंच माणूस दोन पेट्या घेऊन उतरला. मग शिंकणारे एक गृहस्थ. मग जिना धरून, हळूहळू, आणखी एक जण उतरले, आणि रस्ता विचारत या बाजूला चालू लागले.

बाळाने डोळे उघडले.

दारावर थाप पडली. "चारू," बाहेरून माझा आवाज आला, प्रवासाने दमलेला. "अगं दार उघड, आले मी."

"कोण आहे बघता का, आजी?" नर्सबाईंनी आतून विचारले.

माझ्या दोन्ही हातांत बाळ होते.